बंधुत्वाचा खर्च कोणी उचलायचा?

१९६४ सालच्या डिसेंबरात मुंबईच्या ओव्हल मैदानावर लोटलेल्या गर्दीची आठवण जुने मुंबईकर अजून काढतात. कॅथलिक पंथाच्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईत आले होते. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. २ डिसेंबरला ते सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले, तेव्हा शहरापर्यंतच्या रस्त्याच्या दुतर्फा माणसेच माणसे उभी होती आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली सुप्रसिद्ध प्रार्थना उच्चारली. आपण एकमेकांना पर्यटकांसारखे नव्हे, तर यात्रेकरूंसारखे भेटले पाहिजे, असेही ते म्हणाले. जाताना त्यांनी आपली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी ती सोडतीत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला. ही मोटारीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते.

पण त्याच भेटीतली एक गोष्ट मात्र आपण साफ विसरलो. ४ डिसेंबरला पोपनी जगासाठी एक संदेश पत्रकारांच्या हाती दिला. प्रत्येक राष्ट्राने शस्त्रास्त्रांवरच्या खर्चातला काही भाग बाजूला काढावा, त्यातून एक जागतिक निधी उभारावा आणि तो उपाशी, निराधार माणसांसाठी वापरावा, असे त्याचे सार होते. हे आवाहन ज्या देशात केले गेले तो देश तेव्हा कोणत्या अवस्थेत होता? नेहरूंना जाऊन सहा महिने झाले होते, चीनशी झालेल्या युद्धाची जखम ओली होती आणि रेशनच्या रांगेत अमेरिकेहून आलेल्या गव्हाची वाट पाहिली जात होती. बंदूक आणि भाकरी यांचा हिशेब इथे घरोघर कळत होता. तरी पुढच्याच वर्षी भारत आणि पाकिस्तान युद्धात उतरले. निधीचा प्रश्न बाजूलाच पडला.

पॉल सहावे यांनी १९६७ साली 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या पत्रात मुंबईचे नाव घेऊन या आवाहनाची आठवण करून दिली. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी 'फ्रातेल्ली तुत्ती' या पत्रात तीच मागणी पुन्हा केली. साठ वर्षे उलटून गेली, तरी मुंबईत मागितलेला तो निधी अस्तित्वात आलेला नाही. बंधुत्वाविषयीच्या कॅथलिक शिकवणुकीकडे पाहायचे तर ते या न भरलेल्या खात्यापासूनच पाहावे, असे मला वाटते. कारण बंधुभावाविषयी चांगले बोलणे सर्वच धर्मांत आहे आणि सर्वच देशांच्या भाषणांत आहे. प्रश्न आहे तो त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा.

मजुरीपासून जगापर्यंत

या शिकवणुकीचा आधुनिक आरंभ १८९१ सालापासून मानतात. त्या वर्षी १५ मे रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्र काढले. परिपत्र म्हणजे पोपनी चर्चला उद्देशून लिहिलेले विस्तृत पत्र; इंग्रजीत त्याला 'एन्सायक्लिकल' म्हणतात. युरोपात गिरण्या आणि खाणी वाढत होत्या आणि मजुरांचे हाल कुत्रा खात नव्हता. समाजवाद्यांचा वर्गसंघर्ष लिओंना मान्य नव्हता. पण मालक देईल त्या मजुरीवर कामगाराने मुकाट्याने राबावे, हेही त्यांना मान्य नव्हते. संसार चालेल एवढी मजुरी, संघटना करण्याचा हक्क आणि दुबळ्यांच्या रक्षणासाठी सरकारचा हस्तक्षेप या गोष्टी त्यांनी न्याय्य ठरवल्या. खासगी मालमत्तेचा हक्क त्यांनी उचलून धरला, परंतु मालमत्ता वापरताना इतरांच्या गरजेकडे पाठ फिरवता येणार नाही, अशी अटही घातली. जगातली साधनसंपत्ती मुळात सर्वांसाठी आहे आणि मालकीचा हक्क हा त्यानंतरचा, हे सूत्र पुढच्या पोपनी अधिकाधिक स्पष्ट केले.

मालक आणि मजूर यांच्यापुरता असलेला हा विचार विसाव्या शतकात राष्ट्राराष्ट्रांपर्यंत पोचला. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबाच्या पेचप्रसंगामुळे जग अणुयुद्धाच्या कडेवर जाऊन आले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ११ एप्रिल १९६३ रोजी, मृत्यूच्या छायेत असलेल्या पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेरिस' हे पत्र लिहिले. ते केवळ कॅथलिकांना नव्हे, तर सद्‌हेतू बाळगणाऱ्या सर्व माणसांना उद्देशून होते. परिपत्रांच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या निवेदनात हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि ज्यू धर्मांचा आदराने उल्लेख केला आणि त्यांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असे जाहीर केले. ज्या संस्थेने शतकानुशतके आपल्याबाहेर तारण नाही असे सांगितले, तिच्या दृष्टीने हे वळण लहान नव्हते.

३ ऑक्टोबर २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी असिसी गावी संत फ्रान्सिसच्या समाधीपाशी 'फ्रातेल्ली तुत्ती' वर सही केली. कोरोनाने तेव्हा जग घरात कोंडले होते. शीर्षकाचा अर्थ 'सारे बंधू'. ते शब्द असिसीच्या संताचेच आहेत. त्यात भगिनी कुठे आहेत, अशी टीका स्त्रियांनी केली आणि ती अस्थानी नव्हती. पत्राच्या शेवटी मार्टिन ल्यूथर किंग आणि डेस्मंड टुटू यांच्याबरोबर महात्मा गांधींचे नाव प्रेरणास्थान म्हणून येते, ही आपल्या वाचकांनी नोंद घ्यावी अशी गोष्ट.

उतारशाळेतली दोन नाणी

या पत्राचा कणा म्हणजे बायबलातली एक छोटी बोधकथा. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकले. एक याजक आला, त्याला पाहून बाजूने निघून गेला. मंदिराचा सेवक असलेला एक लेवीही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना बाटगे समजून ज्यांच्याशी व्यवहारही टाळीत, त्या जमातीतला माणूस. तो थांबला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी निघताना मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवून, अधिक खर्च आल्यास परतताना देईन, असे सांगितले.

ही कथा दयेची म्हणून सांगितली जाते. पण तिची सुरुवात कायद्याच्या एका प्रश्नाने होते. एका शास्त्र्याने येशूला विचारले होते की, माझा शेजारी कोण? म्हणजे कोणापर्यंत प्रेम करणे माझ्यावर बंधनकारक आहे आणि कुठे थांबले तरी चालेल? येशूने कथा सांगून प्रश्नच उलटा केला. त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, असे त्याने विचारले. कुंपण कुठे घालायचे हे ठरवायला आलेल्या माणसाला त्याने कुंपणापलीकडच्या माणसाचे उदाहरण दिले. शेजारी ही आधीपासून मोजून ठेवलेली यादी नव्हे. थांबणारा माणूस ती नाती तयार करतो.

दुसरी गोष्ट त्या दोन नाण्यांची. त्या काळी एक नाणे म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची कमाई. शोमरोन्याने कळवळा दाखवला, त्याचबरोबर दोन दिवसांची मजुरी मोजली आणि पुढच्या बिलाची हमी घेतली. शिवाय उतारशाळा नसती, तर त्याचा कळवळा त्या रात्रीपुरताच उरला असता. फ्रान्सिस यांनी या मुद्द्यावर नेमके बोट ठेवले आहे. म्हाताऱ्या माणसाला हात धरून नदी पार करवणे हे प्रेमाचे काम आहे. पण त्या नदीवर पूल बांधणारा राज्यकर्ताही प्रेमाचेच काम करतो, असे ते लिहितात. म्हणजे बंधुत्व ही खासगी सद्भावना नव्हे. तिला संस्था लागतात, कायदे लागतात आणि पैसा लागतो.

आता आजच्या जगाचा जमाखर्च पाहा. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगाचा लष्करी खर्च सुमारे २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर होता. त्या यादीत भारत पाचव्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपासमार सोशीत होते आणि वर्षअखेर १२ कोटी ३२ लाख माणसे युद्ध, छळ वा हिंसाचारामुळे घरदार सोडून परागंदा झालेली होती. लष्करी खर्चातला शंभरातला एकच भाग बाजूला काढला, तर तो २,७०० कोटी डॉलरच्या वर जातो. आपल्या रुपयांत सव्वादोन लाख कोटींच्या घरात. शीतयुद्ध संपल्यावर १९९० च्या दशकात जगाचा लष्करी खर्च खरोखरच घटला होता. पण वाचलेला पैसा मुंबईत मागितलेल्या निधीकडे वळला नाही. तेव्हा अडचण पैशाच्या तुटवड्याची नाही, हे उघड आहे.

सुलतानाची भेट

बंधुत्वाच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे धर्माधर्मांतल्या नात्याचा खर्च पैशात मोजता येत नाही. तो प्रतिष्ठेत मोजावा लागतो. १२१९ साली, पाचवे क्रूसयुद्ध चालू असताना, असिसीचा फ्रान्सिस इजिप्तमधल्या दामिएत्ताजवळ शत्रूची फळी ओलांडून सुलतान अल-कामिल याला भेटायला गेला. सुलतानाने त्याला आदराने वागवून सुखरूप परत पाठवले. युद्ध थांबले नाही. पण दोन्ही बाजूंना हजारोंनी माणसे मरत असताना झालेली ती भेट आठशे वर्षे लोकांच्या स्मरणात राहिली.

त्या भेटीला आठशे वर्षे पूर्ण होत असताना, ४ फेब्रुवारी २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबुधाबीत मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. अरबी द्वीपकल्पात जाणारे फ्रान्सिस हे पहिले पोप. व्हॅटिकन आणि अल-अझहर यांच्यातला संवाद २०११ पासून काही वर्षे तुटलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या सह्यांचे मोल कळते. ईश्वराच्या नावाने हिंसा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्यात नि:संदिग्धपणे म्हटले आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो नागरिकत्वाविषयीचा भाग. 'अल्पसंख्य' हा शब्द भेदभावाने वापरला की माणसाला एकटे आणि खालचे ठरवतो. म्हणून सर्वांना समान हक्क आणि समान कर्तव्ये असलेले पूर्ण नागरिकत्व असावे, अशी भूमिका दोघांनी घेतली. मुस्लिमबहुल देशांतल्या ख्रिस्ती माणसाला आणि युरोपातल्या मुस्लिम माणसाला एकाच मापाने मोजणारे हे वाक्य आहे. दोघांनाही ते आपापल्या घरी जाऊन सांगायचे होते. अवघड भाग तोच होता.

पुढे मार्च २०२१ मध्ये फ्रान्सिस इराकमध्ये नजफच्या अरुंद गल्लीतून चालत वयोवृद्ध शिया धर्मगुरू आयातोल्ला सिस्तानी यांच्या साध्या घरी गेले. इराकी ख्रिस्ती लोकांना इतर सर्व नागरिकांप्रमाणे शांततेत, सुरक्षिततेत आणि संपूर्ण घटनात्मक हक्कांसह जगता आले पाहिजे, असे त्यानंतर सिस्तानींच्या कार्यालयाने जाहीर केले. कट्टर 'इस्लामिक स्टेट' ने मोसुलची चर्चे उद्ध्वस्त केल्याला तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती.

जिथे उत्तर अडते

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते बाजूला सारून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की, ज्यांच्याकडे फौज नाही आणि सीमा नाहीत, त्यांना बंधुत्वाचा उपदेश करायला काय जाते? अबुधाबीत सह्या झाल्या तेव्हा यजमान देश येमेनच्या युद्धात गुंतलेला होता. पोपनी तिथल्या भाषणात येमेनचे नाव घेतले खरे, पण त्याने तोफा थंडावल्या नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी दक्षिण सुदानच्या एकमेकांशी लढलेल्या नेत्यांपुढे वाकून त्यांच्या पायांचे चुंबन घेतले. दुसऱ्या वर्षी तिथे संयुक्त सरकार आले. २०२५ मध्ये त्याच सरकारातले उपाध्यक्ष स्थानबद्ध झाले.

युक्रेनच्या बाबतीत तर फ्रान्सिस यांची स्वतःचीच कुचंबणा झाली. मार्च २०२४ मध्ये, पांढरे निशाण दाखवून वाटाघाटी करण्याचे धैर्य असावे, असे ते एका मुलाखतीत बोलून गेले आणि ज्यांच्यावर आक्रमण झाले त्या युक्रेनियन लोकांना ते अपमानास्पद वाटले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. बोधकथेतला शोमरोनी लुटारू निघून गेल्यावर आला. मार चालू असतानाच तो पोचला असता, तर त्याने काय करावे, याचे उत्तर कथेत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क ही शिकवणूक नाकारीत नाही. परंतु आजच्या संहारक शस्त्रांच्या काळात 'न्याय्य युद्ध' ही जुनी कसोटी लावणे फार कठीण झाले आहे, असे ती म्हणते. संकटात सापडलेल्या राष्ट्राला एवढ्याने पुरेसे मार्गदर्शन होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे सांगणारे चर्च स्वतः काय करीत होते? गोव्याला १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. कॅनडातल्या आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल माफी मागायला फ्रान्सिस २०२२ मध्ये तिथे गेले. 'फ्रातेल्ली तुत्ती' त हा कबुलीचा सूर आहे. गुलामगिरीचा स्पष्ट निषेध करायला चर्चला इतका काळ का लागला, याचे आपल्याला नवल वाटते, असे पोप लिहितात. आंधळा राष्ट्रवाद आणि परक्यांचा द्वेष यांना श्रद्धेचा आधार आहे असे मानणारे भाविक आजही आहेत, हेही ते लपवीत नाहीत.

आणि जातीचे काय? भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती समाजाविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जात असल्याची कबुली दिली. हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले ते २०२२ साली. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांनाही बंधू व्हायला इतका वेळ लागतो.

आपल्या दारात

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. घटना समितीपुढे आलेल्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात 'बंधुता' हा शब्द नव्हता. मसुदा समितीने तो सरनाम्यात घातला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही आणि बंधुता नसेल तर उरलेल्या दोन्ही वरवरच्या रंगाइतक्याच टिकतील. आपण हे तत्त्व फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाकडून घेतले, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. 'फ्रातेल्ली तुत्ती' मध्येही हीच तीन तत्त्वे एकत्र येतात. बंधुत्वावाचून स्वातंत्र्य म्हणजे आपापले राखण्याची मोकळीक आणि समता म्हणजे कोरडे सूत्र, असा तिथला युक्तिवाद आहे. एक विचार बुद्धापाशी उगम पावतो, दुसरा ख्रिस्तापाशी. दोघांचाही निष्कर्ष एकच आहे की, कायदा हक्क देऊ शकतो, पण शेजारी म्हणून वागायला लावू शकत नाही.

वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, असे म्हणत काहींनी विरोध केला होता. पण बायबल सुबोध मराठीत आणणारा आणि वसईची हिरवाई वाचवण्यासाठी सर्व धर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरणारा हा लेखक मराठी वाचकाने आपला मानला. २०२४ च्या जुलैत ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत इतर धर्मांचे लोक थोडे नव्हते. ही ओळख चाळीस-पन्नास वर्षांच्या सहवासाची होती. घोषणेने ती एका दिवसात तयार झाली नसती.

उलट, आपल्या शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्या कुटुंबाला आधी आडनाव विचारले जाते आणि मग जागा नुकतीच गेली असे सांगितले जाते. तिथेही कोणी कोणाला मारलेले नसते. पाहून बाजूने निघून जाणे तेवढे घडलेले असते. याजक आणि लेवी हे दुष्ट नव्हते; त्यांना काम होते, भीती होती, सोवळे होते.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. गाझात युद्ध पेटल्यापासून ते तिथल्या एकुलत्या एक कॅथलिक चर्चमध्ये जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करीत. तिथे आसरा घेतलेल्या माणसांना आज काय खाल्ले, असे विचारीत. आजारपणातही हा क्रम त्यांनी शक्य तोवर मोडला नाही. त्या फोनने युद्ध थांबले नाही आणि थांबणार नव्हतेच. मे महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले ते मुद्दाम, कामगारांच्या मजुरीविषयी लिहिणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण ठेवून. सज्जात उभे राहून त्यांनी काढलेले पहिले शब्द शांतीचे होते.

मुंबईत मागितलेल्या निधीचे काय होईल, हे राष्ट्रप्रमुखांच्या हाती आहे. त्यांना मते देणारे मात्र आपण आहोत आणि कोणत्या खर्चाला टाळ्या वाजवायच्या, हेही आपणच ठरवतो. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला उरलेले पैसे परतताना देईन असे सांगितले होते. तो परत आला का, हे कथा सांगत नाही. तो हिशेब तिने ऐकणाऱ्यावर सोडला आहे.